शेवटच्या नऊ पानांतली माणसं

अमेरिकेच्या वायव्य कोपऱ्यातल्या व्यावसायिक फुटबॉलचा इतिहास मला जवळजवळ पाठ आहे. कुठल्या शहरात कोणता संघ निघाला, कोणता मालक दोन हंगामांत कंटाळला, कुठल्या मैदानावरचं प्लास्टिकचं गवत खेळाडूंचे गुडघे सोलून काढायचं, काय हवं ते विचारा. नातीला हे पहिल्यांदा सांगितलं तेव्हा तिने फोनमधून डोकं वर काढलं, "आजी, यू सो रँडम लाह," म्हणाली आणि पुन्हा फोनमध्ये गेली. तिचंही बरोबर आहे. मी अमेरिकेला कधी गेलेले नाही, आणि फुटबॉलचा एकही सामना मैदानात बसून शेवटपर्यंत पाहिलेला नाही.

ही विद्या मला वयाच्या एक्कावन्नाव्या वर्षी मिळाली, सिंगापुरात, तोआ पायोहच्या एका जुन्या इमारतीच्या चौथ्या मजल्यावर. खाली मोटारींचे सुटे भाग विकणारी दुकानं आणि वर आमचं ऑफिस. परदेशातल्या प्रकाशकांची पुस्तकं आमच्याकडे यायची. आम्ही पानं लावायचो, मुद्रितं तपासायचो आणि शेवटची सूची करायचो. सूची म्हणजे पुस्तकाच्या मागे असते ती, कोण आणि काय कुठल्या पानावर आहे ते सांगणारी. ते काम माझं.

दोन हजारच्या दशकाचा उत्तरार्ध होता. आम्ही बुकित बातोकला राहत होतो. ह्यांची बँकेतली नोकरी चालू होती, मुलगी लग्न होऊन जुरोंग ईस्टला तिच्या घरी गेली होती आणि मला दुपारी करायला काही उरलं नव्हतं. म्हणून मी टपालाने सूची करण्याचा एक अभ्यासक्रम पुरा केला. त्याचं प्रमाणपत्र फ्रेम करून देव्हाऱ्याशेजारी लावलं. नोकरी लागल्यावर तर विचारू नका. कंपनीचं ओळखपत्र गळ्यात घालून मी खालच्या बाजारात कोथिंबीर आणायला जायचे. भाजीवाल्या मावशींनी एकदा विचारलं, सरकारी तपासणीला आलात का. मला त्याचाही आनंद झाला. अशी होती ती बाई, म्हणजे तेव्हाची मी. आज भेटली असती तर मी तिला चहा दिला असता, पण फार वेळ बसू दिलं नसतं.

ऑफिसला जायला मी एमआरटीचा, म्हणजे इथल्या मेट्रोचा, लांबचा रस्ता धरायचे. जुरोंग ईस्टला गाडी बदलली की जवळ पडतं, हे सगळ्या सिंगापूरला माहीत होतं. पण बुकित बातोकहून उलट दिशेने बसलं की गाडी वुडलँड्सवरून अख्ख्या बेटाला वरून वळसा घालते आणि न बदलता तोआ पायोहला सोडते. बसायला जागा मिळायची आणि मांडीवर कार्डं लावता यायची. हो, कार्डं. ऑफिसात संगणक होता, पण मी आधी सगळं पांढऱ्या कार्डांवर लिहायचे आणि मग टाइप करायचे. संगणकात चूक दिसत नाही, कार्डावर दिसते, असं माझं मत होतं. हे मत पुढे लक्षात ठेवा.

नोकरी लागून दोन महिने झाले होते, तेव्हा ते पुस्तक आलं. आमची बॉस माझ्यापेक्षा दहा वर्षांनी लहान, चिनी, फार झटपट बोलायची. आमचं बोलणं इंग्रजीत व्हायचं, इथे मी ते मराठीत लिहिते आहे. तिचं वाक्याच्या शेवटी लागणारं सिंगापुरी 'लाह' आणि 'कॅन-कॅनॉट', म्हणजे जमेल-जमणार नाही, मात्र मराठीत येत नाही, ते तसंच ठेवते.

"फुटबॉल कळतो?" तिने विचारलं.

"अर्थात," मी म्हणाले.

कळत काय होतं? हातमोजे घातलेला माणूस जागचा हलत नाही आणि बाकीचे पळतात, एवढंच. तेही पुण्यात शाळेच्या मैदानाच्या कडेने जाताना पाहिलेलं.

लेखक अमेरिकन होता, सत्तरीचा. तो खेळाडू नव्हता. त्या भागातल्या एका संघाचं सामान तो वर्षानुवर्षं सांभाळायचा. जर्सी धुणं, बूट पुसणं, जर्सीच्या पाठीवर इस्त्रीने आकडे चिकटवणं, ही त्याची नोकरी. निवृत्त झाल्यावर त्याने त्या अख्ख्या प्रदेशाच्या व्यावसायिक फुटबॉलचा इतिहास लिहायला घेतला. पावसाचा, लाकूडतोडीचा, सॅमन माशांचा तो मुलूख. सत्तरच्या दशकात तिथे मोठी लीग आली. इंग्लंडमधले उतरत्या वयाचे खेळाडू उन्हाळ्यापुरते यायचे. अमेरिकनांना बरोबरी पटत नाही, म्हणून सामना बरोबरीत सुटला की एकेका खेळाडूने लांबून चेंडू घेऊन पाच सेकंदांत गोलरक्षकावर धावून जायचं, असा नियम काढला होता. थंडीत तर बर्फावरच्या हॉकीच्या हॉलमध्ये, फळ्यांच्या कुंपणात खेळायचे. मग ऐंशीच्या दशकात ती लीग बंद पडली. पण ह्या कोपऱ्यातल्या माणसांनी खेळ सोडला नाही. छोटी, गरीब लीग स्वतःच चालवली. दिवसा सुतारकाम, शाळेत शिकवणं, आणि शनिवारी सामना. ती बंद पडली, दुसरी निघाली, त्याच जुन्या नावाने पुन्हा संघ उभे राहिले. पुस्तक संपतं तेव्हा त्यांची शहरं नव्या मोठ्या लीगच्या दारात उभी असतात.

वाचताना मला मजा आली. पण माझं काम मजेचं नव्हतं, मोजायचं होतं. पुस्तक सोळा-सोळा पानांच्या फॉर्मनी छापलं जातं. शेवटच्या फॉर्ममध्ये मजकूर संपून नऊ पानं उरली होती. सूची त्या नऊ पानांत बसवायची. दहावं पान हवं असेल तर आणखी सोळा पानांचा फॉर्म, आणि त्यातली पंधरा कोरी.

माझी सूची साडेअकरा पानं झाली.

"नऊ," बॉस म्हणाली. "दहा कॅनॉट. शुक्रवारच्या आत नऊ कर. पुढच्या शुक्रवारी फाइल छापखान्यात जाते."

मी दोन दिवस वुडलँड्सच्या वळशावर कार्डं चाळली. तेव्हा लक्षात आलं की पुस्तकात शंभराहून जास्त माणसं अशी आहेत जी एकदाच येतात. एका सामन्यात खेळली आणि गेली. कुणाचा पाय मोडला, कुणाला नोकरी लागली, कुणी चांगला खेळलाच नाही. अभ्यासक्रमात शिकवलं होतं की ओझरता उल्लेख सूचीत घ्यायची गरज नाही. मी ती सगळी कार्डं उचलली, रबर लावला आणि बाजूला ठेवली. त्यांच्या जागी एकच नोंद केली: 'खेळाडू, इतर' आणि पुढे पानांचे आकडे.

अडीच पानं कमी झाली. सूची बरोबर नऊ पानं. मी इतकी खूश झाले की ऑफिसमधल्या काकांना कॉफी पाजली. काका म्हणजे आमचे पानं लावणारे, साठीचे मलाय गृहस्थ. ऑफिसात सगळे त्यांना अंकल म्हणायचे, मी मनात काका म्हणायचे. खालच्या हॉकर सेंटरमधली, म्हणजे खाण्याच्या गाळ्यांमधली, काळी कॉफी आणि फुटबॉल, एवढ्यावर ते जगायचे.

"अमेरिकन फुटबॉलपटू शंभर कमी केलेस?" काका म्हणाले. "छान केलंस. ते कुठे फुटबॉल खेळतात."

सूची लेखकाकडे गेली. तीन दिवसांनी त्याचा ईमेल आला. मी तो इतक्या वेळा वाचला की अजून आठवतो, शब्द नाहीत, मजकूर आठवतो. त्याने लिहिलं होतं, सूची नीट आहे, कष्ट दिसतात, आभार. पण 'इतर' म्हणजे कोण? पुढच्या वसंतात जुन्या खेळाडूंचा मेळावा आहे. पुस्तक तिथे टेबलावर ठेवायचं आहे. ही माणसं पुस्तक वाचणार नाहीत. ती टेबलाशी उभी राहतील, पुस्तक मागून उघडतील आणि बोट फिरवत आपलं नाव शोधतील. बायकोला दाखवतील. पुस्तकासाठी त्याने एकेकाला गाठलं, मुलाखती घेतल्या, आणि प्रत्येकाला वचन दिलं की मागच्या पानांत तुझं नाव असेल. त्यातले काही आता चालायला काठी घेतात. पुढचा मेळावा कधी होईल आणि कोण उरेल, माहीत नाही.

आणि एक उदाहरण दिलं होतं. पान अठ्ठ्याहत्तर. छोट्या गरीब लीगचे दिवस. गोलरक्षकाचं बोट मोडलं आणि राखीव गोलरक्षक आलाच नव्हता. प्रेक्षकांत एक पावाची गाडी चालवणारा माणूस होता, तो पूर्वी कॉलेजकडून गोलात उभा राहायचा. त्याची कागदावर सही घेऊन त्याला आत घेतलं. लेखकाने कोऱ्या जर्सीवर आकडा चिकटवला, तो गार व्हायच्या आत ती त्या माणसाच्या अंगात होती. वीस मिनिटं खेळला. नंतर कधीच नाही. तो पहिला येणार आहे मेळाव्याला, असं लेखकाने लिहिलं होतं.

कोणीही शहाण्या माणसाने यावर काय केलं असतं? मी काय केलं ते सांगते. मी चार परिच्छेदांचं उत्तर लिहिलं. सूचीशास्त्राचे नियम, ओझरता उल्लेख आणि ठळक उल्लेख यांतला फरक, वाचकाची सोय. शेवटी 'आपल्या भावना मी समजू शकते' असंही वाक्य घातलं. पाठवायच्या आधी घरी छापून आणलं, ह्यांना ऐकवायला.

हे जेवत होते. पूर्ण ऐकून घेतलं, ताक प्यायले आणि म्हणाले, "म्हणजे तू ह्या खेळाडूंना आप्तेष्टांत टाकलंस."

"काय?"

"अगं, पत्रिकेतलं. साताऱ्याच्या दादांसारखं."

आता हे सांगायलाच हवं. मुलीच्या लग्नाची पत्रिका मी इथे बसून संगणकावर जुळवली होती. आपल्याकडे पत्रिकेच्या खाली घरच्यांची नावं असतात. आजी-आजोबा, काका-काकू, आत्या, मामा, सगळे. मला सुटसुटीत, मोकळी, खूप पांढरी जागा असलेली पत्रिका हवी होती. म्हणून मी चार नावं ठेवली आणि खाली लिहिलं, 'व समस्त आप्तेष्ट'. त्यात ह्यांचे साताऱ्याचे चुलतभाऊ गेले. ह्यांना लहानपणी सायकल शिकवणारे ते. लग्नाला आले. मांडवात अक्षता टाकल्या, वधूवरांच्या डोक्यावर हात ठेवला आणि न जेवता बसस्टँडवर गेले. तेव्हापासून फोन केला की "बरं आहे, ठेवतो" एवढंच.

"ते वेगळं होतं," मी म्हणाले.

"हो. तेव्हा जागा होती," हे म्हणाले. "तरी तू नाव घातलं नाहीस."

मी ते चार परिच्छेद घडी करून पीठ चाळायच्या चाळणीखाली ठेवले. पाठवले नाहीत. पण नऊ पानं काही वाढणार नव्हती.

सोमवारी मी बॉसकडे गेले. अक्षर अर्ध्या पॉइंटने लहान करता येईल का?

"कॅनॉट. प्रकाशकाची मालिका आहे, सगळी पुस्तकं एका मापाची."

"दोन ओळींतलं अंतर?"

"कॅनॉट लाह."

"एक फॉर्म जास्त?"

ती पुढची फाइल उघडून कामाला लागली. मी माझी रबर लावलेली गड्डी घेऊन जागेवर येऊन बसले. शंभरावर माणसं माझ्या टेबलावर, कॅल्क्युलेटरच्या बाजूला. काकांनी खुर्ची वळवली.

"काय झालं? तुझे अमेरिकन परत आले?"

मी सगळं सांगितलं. पावाच्या गाडीवाल्याचंही. काका हसले नाहीत. त्यांनी माझी छापलेली सूची ओढून घेतली आणि पानं लावणाऱ्या माणसासारखी पाहिली, म्हणजे वाचली नाही, नुसता मजकुराचा आकार पाहिला.

"हे काय आहे? हे ठोकळे."

ते संघ होते. मी ते फार काटेकोरपणे केले होते. एकेका शहरात त्याच नावाचा संघ तीनतीन, चारचार वेळा निघाला होता. मालक वेगळे, लीग वेगळी, मधे कित्येक वर्षं काहीच नाही. मी प्रत्येकाची स्वतंत्र नोंद केली होती: पहिला, दुसरा, तिसरा. आणि प्रत्येकाखाली तेच पोटमथळे: मालक, मैदान, प्रशिक्षक, पाठीराखे, प्रवास, बंद पडणे. 'बंद पडणे' हा पोटमथळा तर माझ्या सूचीत ठिकठिकाणी होता.

"सगळा एकच संघ आहे हा," काका म्हणाले.

"नाही काका, कायद्याने वेगळे. लेखकाने मुद्दाम पहिल्याच प्रकरणात लिहिलंय."

"कायदा कोण बघायला जातो?" काकांनी कॉफीची पिशवी (इथे कॉफी प्लास्टिकच्या पिशवीत बांधून मिळते) खिडकीच्या खिळ्याला अडकवली. "ऐक. आपलं कलांगचं स्टेडियम. मलेशियातल्या संघांशी सामने असायचे तेव्हा मी दर वेळी त्याच सिमेंटच्या पायरीवर बसायचो. पाठ दुखायची. शेजारी तोच माणूस, त्याचं नाव अजून माहीत नाही. मग आपण त्या स्पर्धेतून बाहेर पडलो, सगळं बदललं. खेळाडू नवे, लीग नवी. मी जाऊन त्याच पायरीवर बसलो. तो शेजारचा पण आला. आम्ही एकमेकांना विचारलं नाही की हा संघ कायद्याने कुठला."

"मग काय विचारलंत?"

"शेंगदाणे आणलेस का, विचारलं."

मी कार्डं काढली आणि मोजायला बसले. एका नावाचा एक संघ, एक नोंद, पोटमथळे एकदाच. 'बंद पडणे' आणि पुढे सलग आकडे. दुपारपर्यंत हिशेब लागला. दोन पानांहून थोडी जास्त जागा सुटत होती. जवळजवळ सगळे बसत होते.

पण लेखकाची परवानगी हवी होती, आणि ईमेलवर हे मला जमलं नसतं. बुधवारी सकाळी आठला मी ऑफिसमधून फोन लावला. तिकडे आदल्या दिवसाची संध्याकाळ. आवाज खरखरीत, बोलणं सावकाश.

मी सांगितलं. तो लगेच म्हणाला, नाही, हे चूक आहे. ते वेगळे संघ होते. लोक नेहमी हाच घोळ करतात, म्हणून तर मी पुस्तक लिहिलं.

मी सांगितलं, "माझं लग्न झालं तेव्हा आमच्याकडच्या रिवाजाप्रमाणे माझं आडनाव बदललं, आणि नावही बदललं. घर नवं, माणसं नवी. कागदावर मी वेगळी बाई झाले. पण माहेरी गेले की आई त्याच ताटात वाढायची."

मला वाटलं, गेलं, आता हा बॉसकडे तक्रार करणार की तुमची बाई फुटबॉलच्या सूचीत स्वतःचं लग्न सांगते.

मग तो म्हणाला, "त्यातल्या तीन संघांचे कपडे मीच धुतले."

"हो, तुम्ही लिहिलंय."

"वॉशिंग मशीन एकच होतं. पहिला संघ बुडाला तेव्हा ते कुणी घेतलं नाही म्हणून मी माझ्या गॅरेजमध्ये नेलं. दुसरा निघाला तेव्हा परत आणलं. तिसऱ्यालाही तेच. बरं, करा एक नोंद. पहिल्या प्रकरणात मी खुलासा ठेवतोच आहे."

"अजून सहा नावं बसत नाहीत," मी म्हणाले. मी मुळातच चिवट.

"माझी नोंद किती ओळींची आहे?"

मी पाहिलं. लेखकाच्या स्वतःच्या नावाखाली मी कौतुकाने सात ओळी केल्या होत्या: बालपण, नोकरी, इस्त्री, पावसात अडकलेली बस आणि असंच.

"सात."

"एक ठेवा," तो म्हणाला.

बसले सगळे. गुरुवार आणि शुक्रवार मी टाइप करत होते. डबा खाल्ला नाही, काकांनी आणलेली कॉफी गार झाली. ती शंभरावर माणसं एकेक करून आत बसवली. पावाच्या गाडीवाल्याचं कार्ड मी मुद्दाम शेवटचं ठेवलं होतं. शुक्रवारी साडेपाचला बॉस मागे उभी होती, घड्याळ बघत. मी त्याचं नाव टाइप केलं, आकडा घातला, आणि नवव्या पानाची शेवटची ओळ बरोबर तळाला लागली.

"कॅन?" बॉस.

"कॅन," मी म्हणाले. फाइल गेली.

शनिवारी मी साताऱ्याला फोन केला. काय बोलायचं ते ठरवलं नव्हतं. दादांनी उचलला. मी म्हणाले, पत्रिकेत तुमचं नाव घालायला हवं होतं, मी चुकले. ते म्हणाले, कसली पत्रिका, आता तिचं काय. मग म्हणाले, तिकडे ऊन फार असेल ना. मग सिंगापुरात वांगी कशी मिळतात ते विचारलं. पाच मिनिटं बोलले. 'ठेवतो' म्हणाले, पण पाच मिनिटांनी. पत्रिकेची दुसरी आवृत्ती निघत नाही, तेवढ्यावर मी समाधान मानलं. पुढे नातीच्या बारशाला ते आले आणि जेवले. जिलब्या मोजल्या नाहीत, पण बघत होते सगळे.

पुस्तक छापून आलं, आमच्या कपाटात लागलं आणि मी दुसऱ्या कामाला लागले. मासेमारीच्या कायद्यावरचा एक ठोकळा होता. वसंत गेला असेल, कारण एक दिवस अमेरिकेहून जाड पाकीट आलं. आत शेवटच्या नऊ पानांच्या झेरॉक्स. मेळाव्यात त्याने टेबलावरच्या प्रतीशेजारी पेन ठेवलं होतं. ज्याला आपलं नाव सापडलं त्याने बाजूला खूण केली होती. निळ्या, काळ्या खुणा, काही ठिकाणी सह्या, एकाने नावापुढे आपला जर्सीचा आकडा लिहिलेला. काही नावांपुढे खूण नव्हती. त्यांच्याबद्दल त्याने काही लिहिलं नव्हतं आणि मी विचारलं नाही.

मी ती पानं टेबलावर पसरली. काका आले, बॉसही आली, कधी नव्हे ते दोन मिनिटं उभी राहिली. मी अर्थात सगळ्यांत आधी पावाच्या गाडीवाल्याचं नाव शोधलं. होती, खूण होती. आणि तिच्याशेजारी जाड अक्षरात दोन शब्द: पान चूक.

मी कपाटातून पुस्तक काढलं. सूचीत त्याच्या नावापुढे छापलं होतं ८७. शंभरावर माणसांत नेमका त्याचाच आकडा मी उलटा टाइप केला होता. पान सत्त्याऐंशीवर फुटबॉल जवळजवळ नाहीच. मैदानाखालची गटारं तुंबून पाणी ड्रेसिंग रूममध्ये कसं शिरायचं, त्याची माहिती आहे. कार्ड काढून पाहिलं. कार्डावर ७८ स्वच्छ लिहिलेलं होतं. कार्डावर चूक दिसते हे माझं मत बरोबरच होतं. मी कार्डाकडे परत पाहिलंच नव्हतं, एवढंच.

घरी आले आणि ह्यांना सांगितलं. हे इतके हसले की चष्मा काढावा लागला.

"आप्तेष्टांतून बाहेर काढलंस," हे म्हणाले, "आणि दुसऱ्याच पंगतीत नेऊन बसवलंस!"

मी रागाने भात गिळला. ती बाई रागावलेली फार मजेशीर दिसायची, आता आठवलं की मलाही हसू येतं. पण तेव्हा मला खरंच वाईट वाटलं होतं. तो माणूस टेबलाशी उभा राहिला असेल, बायकोला बोलावलं असेल, मोठ्या ऐटीत पान उघडलं असेल, आणि समोर गटार.

मी लेखकाला माफीचा ईमेल लिहिला. या वेळी चार ओळींचा, नियम एकही नाही. दुसऱ्या दिवशी उत्तर आलं. अगदी तसंच झालं म्हणे. त्याने पान उघडलं, बायकोला म्हणाला थांब, आणि गटारांचं सगळं वाचलं, कारण आपलं नाव असणार याची त्याला खात्री होती. मिळालं नाही, मग एक पान मागे. मग अजून एक. बायको खुर्ची घेऊन बसली. लोक त्याच्या मागे रांगेत, कुणी ओरडतंय, तो हलेना. असं करत करत तो अठ्ठ्याहत्तरवर पोचला. तिथे त्याची वीस मिनिटं होती. तो ती बायकोला मोठ्याने वाचून दाखवू लागला, आणि मागच्या रांगेचं ओरडणं थांबलं.

लेखकाने शेवटी लिहिलं होतं की पुस्तक लिहायला मला सहा वर्षं लागली, आणि त्या दिवशी हॉलमध्ये ते वाचणारा तेवढा एकच निघाला.

माझ्याकडे त्या पुस्तकाची एक प्रत आहे, नातीच्या पुस्तकांशेजारी. त्यात मी पेन्सिलीने ८७ खोडून ७८ केलंय. परवा नातीने ते पाहिलं, मी तिला पावाच्या गाडीवाल्याची गोष्ट सांगितली आणि तिने विचारलं, "मग ती मॅच तो जिंकला का?"

"नाही," मी सांगितलं. "हरले. आत आला तेव्हा तीन गोल झाले होते. चौथा त्याच्यावर झाला."

"सो सॅड लाह."

"पान अठ्ठ्याहत्तर," मी म्हणाले. "वाच."